वऱ्हाडच्या धावपट्ट्या आणि स्वदेशी प्रवासी विमान

कोणत्याही प्रांताच्या दळणवळणाचा इतिहास पाहू गेल्यास असे दिसून येते की, मोठ्या मार्गांनी राजधान्या जोडल्या जातात आणि लहान मार्गांनी देश जोडला जातो. वऱ्हाडास या गोष्टीचा अनुभव आगगाडीच्या काळापासून आहे. कापसाच्या ओढीने ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा रूळ अकोल्यावरून बडनेऱ्यास आला आणि १८६७ साली नागपुरास जाऊन भिडला. अमरावती शहर मात्र या मुख्य मार्गावर नव्हते. त्यास बडनेऱ्याहून शाखा काढून जोडावे लागले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन कंपनीच्या पुढाकाराने मूर्तिजापूरहून एकीकडे यवतमाळ व दुसरीकडे अचलपूर असा अरुंद रूळ पडला. हीच ती वऱ्हाडची 'शकुंतला'. अडीच फुटी रुळावरून रमतगमत जाणाऱ्या त्या गाडीची थट्टा पुष्कळांनी केली. परंतु जेथे मोठी गाडी नेणे परवडत नाही तेथे लहान गाडी न्यावी, हा तिच्यामागील विचार थट्टेवारी नेण्यासारखा खास नव्हता.

आकाशमार्गात शकुंतलेचे काम करणारे जे वाहन, त्यास प्रादेशिक प्रवासी विमान म्हणतात. पंधरा-वीसपासून सुमारे शंभर उतारू घेऊन लहान शहरातून मोठ्या शहरी जावयाचे, हा त्याचा धर्म. असे विमान स्वदेशात घडविण्याचा प्रयत्न हिंदुस्थानात साठांहून अधिक वर्षे चालू आहे. त्या प्रयत्नाची हकीकत अमरावती आणि अकोला येथील धावपट्ट्यांच्या हकीकतीशी ताडून पाहिली, म्हणजे तिचा खरा अर्थ उलगडतो.

अकोल्याजवळ शिवणी येथील विमानतळ १९४३ सालचा, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीतला. त्याची धावपट्टी पुढे वाढली तरी ती चौदाशे मीटरांच्या आसपासच राहिली. अमरावतीजवळ बेलोरा येथील धावपट्टी १३७२ मीटर होती; ती वाढवून १८५० मीटर करण्यात आली. १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईहून अलायन्स एअर कंपनीचे एटीआर-७२ हे विमान तेथे उतरले आणि अमरावतीची नियमित प्रवासी वाहतूक सुरू झाली. लहान शहरांस विमानाने जोडण्यासाठी केंद्र सरकारने २०१६ साली जी 'उडान' योजना काढली, तिचे हे फळ होय. अंतर शंभर किलोमीटरांच्या आतले. पण अमरावतीस जे लाभले ते अकोल्यास लाभले नाही. दोहोंतील फरक मुख्यत्वे चारपाचशे मीटर डांबरी पट्टीचा आहे.

एवढ्याशा अंतरास इतके महत्त्व का यावे? विमान उचलले जाते ते पंखांवरून वाहणाऱ्या हवेच्या बळावर. हवा तापली की विरळ होते. विरळ हवेत पंखांस आधार कमी मिळतो आणि यंत्राची शक्तीही उणावते. वऱ्हाडात वैशाखाच्या दुपारी पारा ४५ अंशांच्या वर जातो, हे कोणास सांगावयास नको. अशा वेळी विमानास एक तर अधिक लांब धावावे लागते, नाही तर काही उतारू खाली ठेवून निघावे लागते. समुद्रसपाटीवर, सौम्य हवेत भरलेल्या एटीआर-७२ ला सुमारे तेराशे मीटर पट्टी पुरते. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात तेवढ्यावर भागत नाही. हे विमान पंख्याचे आहे. त्याच वर्गातील जेट विमान वेगाने अधिक खरे, पण त्यास पट्टीही अधिक लागते. बहुधा सतराशे मीटर, किंवा त्याहून जास्त. मुंबई-अमरावती हवाई अंतर सुमारे साडेपाचशे किलोमीटर. एवढ्या प्रवासात जेटच्या वेगाने वाचणारा वेळ थोडा आणि जळणारे इंधन मात्र पुष्कळ, असा हिशेब होतो.

आता स्वदेशी विमानाकडे वळू. या विद्येत महाराष्ट्र मागे नव्हता. कोल्हापूरकडील डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी जर्मनीत गटिंगेन येथे प्रांट्ल या विख्यात शास्त्रज्ञाच्या हाताखाली अध्ययन केले आणि पुढे बंगळूर येथील हिंदुस्थान कारखान्यात शिकाऊ वैमानिकांसाठी 'एचटी-२' या विमानाची रचना केली. ते १९५१ साली उडाले. म्हणजे स्वातंत्र्य मिळून चार वर्षे होतात न होतात तोच स्वतःच्या आराखड्याचे विमान देशाच्या हाती होते.

प्रवासी विमानाचा प्रारंभ कानपुरास झाला. ब्रिटनमधील ॲव्ह्रो कंपनीचे '७४८' हे विमान जून १९६० मध्ये प्रथम उडाले. जुन्या डाकोटा विमानांची जागा घ्यावी आणि आखूड, ओबडधोबड पट्टीवरूनही चालावे, या हेतूनेच ते आखलेले होते. त्याचे हक्क घेऊन कानपूरच्या हवाई दलाच्या कारखान्यात जुळणी झाली आणि १ नोव्हेंबर १९६१ रोजी तेथील पहिले विमान आकाशात गेले. दिवंगत हवाई दलप्रमुख सुब्रोतो मुखर्जी यांच्या स्मरणार्थ त्यास 'सुब्रोतो' असे नाव देण्यात आले. एकंदर ८९ विमाने तयार झाली. पैकी ७२ हवाई दलाकडे गेली आणि प्रवासी वाहतुकीसाठी इंडियन एअरलाइन्सला मिळाली ती अवघी १७. या आकड्यांतच पुढील दैन्याचे बीज आहे. कारखाना होता, कारागीर होते. पण ते विमान गावोगाव नेणारी वाहतूक उभी राहिली नाही, आणि स्वतःच्या आराखड्याचे पुढचे विमानही त्यातून निघाले नाही.

याच्या शेजारी ब्राझील देशाचे उदाहरण ठेवून पाहावे. विस्तीर्ण मुलूख, विखुरलेली गावे आणि बेताची सांपत्तिक स्थिती, अशी पुष्कळशी आपल्यासारखीच त्याची अवस्था. तेथील 'बांदेइरांते' हे लहान पंख्याचे विमान १९६८ साली, म्हणजे कानपूरनंतर सात वर्षांनी उडाले. दुसऱ्याच वर्षी ते बांधण्यासाठी एम्ब्राएर ही कंपनी स्थापन झाली. प्रथम वीसेक आसनांचे, मग १९८३ मध्ये तीस आसनांचे, १९९५ मध्ये पन्नास आसनांचे जेट आणि २००२ मध्ये सत्तरांवर आसनांचे जेट, अशा पायऱ्या तो देश चढत गेला. उलटपक्षी जपानने यंत्रविद्येत अग्रेसर असूनही २००८ साली एकदम मोठ्या प्रादेशिक जेटचा संकल्प सोडला. ते विमान २०१५ मध्ये उडाले. पण सुरक्षिततेची प्रमाणपत्रे आणि वारंवार करावे लागलेले फेरफार यांत वर्षे गेली, आणि २०२३ साली तो उद्योग बंद करावा लागला. विमान उडविणे निराळे आणि ते उतारूंसाठी निर्धोक आहे असे सिद्ध करणे निराळे. दुसरे काम पहिल्याहून कठीण आहे.

आपल्याकडे दुसरा प्रयत्न बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने केला. 'सारस' हे चौदा आसनी विमान तेथे आखले गेले. आरंभी रशियातील एक संस्था सोबतीस होती. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर ती साथ सुटली. २९ मे २००४ रोजी सारस उडाले. परंतु त्याचे वजन ठरल्यापेक्षा पुष्कळ अधिक भरले. ६ मार्च २००९ रोजी बिडदीजवळ चाचणीच्या उड्डाणात दुसरा नमुना कोसळला आणि हवाई दलाचे तीन अधिकारी प्राणास मुकले. काम थांबले. जानेवारी २०१८ मध्ये सुधारलेला नमुना पुन्हा उडाला आणि त्यातून एकोणीस आसनी विमानाची योजना पुढे आली. दरम्यान कानपुरात जर्मन आराखड्यावरून डॉर्निअर विमाने बनत होती. त्यांपैकी नागरी वाहतुकीसाठी सिद्ध केलेले विमान १२ एप्रिल २०२२ रोजी दिब्रुगडहून अरुणाचलातील पासीघाटास गेले. उतारू थोडे होते, पण मार्ग बरोबर होता.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मॉस्को येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सने रशियाच्या संयुक्त विमान महामंडळाशी 'एसजे-१००' हे जेट भारतात बनविण्याचा सामंजस्य करार केला. करार सिद्धीस गेल्यास कानपूरच्या ॲव्ह्रोनंतर प्रथमच संपूर्ण प्रवासी विमान देशात तयार होईल. वार्ता अभिमानाची खरी. तथापि वऱ्हाडच्या माणसाने तिजकडे आपल्या धावपट्टीवर उभे राहून पाहिले पाहिजे. सुमारे शंभर आसनांचे हे जेट बेलोऱ्याच्या १८५० मीटरांवर उन्हाळ्यात पूर्ण भाराने चालविणे कठीण, आणि शिवणीस तर त्याचे नावच नको. विमान स्वदेशी झाले तरी वऱ्हाड त्यातून वगळलेलाच राहील.

आणि पट्टी वाढवावी म्हटले तर शिवणीच्या शेजारी डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची जमीन आहे. विस्ताराचे घोडे पुष्कळ वर्षे अडले ते या जमिनीपाशी. कापूस, ज्वारी आणि कडधान्ये यांचे प्रयोग जेथे चालतात, ती काळी माती एकदा डांबराखाली गेली की परत मिळत नाही. विद्यापीठाचा संकोच रास्त आहे; आणि नातेवाईक रुग्णास तातडीने मुंबईस न्यावयाचे असता जे अकोलेकर हळहळतात, त्यांची तळमळही रास्त आहे. म्हणून बंगळूर-कानपूरच्या आराखड्यांत विमानास किती धाव लागावी याची जी रेघ ओढली जाते, ती येथे वऱ्हाडच्या शेतातून जाते. शंभर मीटर कमी धावणारे विमान आखणारा अभियंता तेवढी जमीन शेतकऱ्याच्या पदरी ठेवतो.

ब्राझीलने आधी आपली गावे मोजली आणि मग विमान बांधले. हिंदुस्थानने विमाने बांधली, पण गावे मोजावयाची राहून गेली. मुंबई आणि दिल्ली येथील लांब पट्ट्यांसाठी जगात विमानांची वाण नाही. वाण आहे ती आखूड पट्टीच्या, तापल्या हवेच्या, मध्यम वस्तीच्या शहरांना साजेशा वाहनाची. आणि अशी शहरे ज्या देशात शेकड्यांनी आहेत, त्याने ते बांधण्याचे काम दुसऱ्यावर सोपवून चालणार नाही. शकुंतलेचा रूळ अरुंद होता, पण तो गावापर्यंत पोहोचत होता. स्वदेशी विमानाची परीक्षाही हीच राहील.