टोड लेनवरील दुकान

२१ डिसेंबर १८४४, शनिवारची संध्याकाळ. इंग्लंडातील लँकेशायर परगण्यात रॉचडेल नावाच्या गिरणगावी, टोड लेन या गल्लीतल्या एका जुन्या वखारीच्या तळमजल्यावर एक दुकान उघडले. माल जेमतेम : थोडे लोणी, साखर, गव्हाचे पीठ, ओटचे पीठ आणि काही मेणबत्त्या. बाहेर जमलेली पोरे हुर्यो उडवीत होती.

या दुकानाचे मालक अठ्ठावीस होते. त्यांत विणकर होते, तसे इतर कारागीरही. भांडवल अवघे २८ पौंड, आणि तेही आठवड्याला पेनी-दोन पेनी बाजूला टाकून जमविलेले.

हा खटाटोप कशासाठी? यंत्रमागाने हातमागाचे पोट मारले होते, मजुरीवाढीचे लढे फसले होते. उरलेसुरले वेतन वाण्याकडे जाई. तो पिठात खडूची भुकटी मिसळी, वापरलेली चहापत्ती वाळवून पुन्हा विके. ग्राहक मात्र उधारीने बांधलेला. दुसऱ्या दारी जाण्याची सोय नव्हती.

सहकारी दुकानाची कल्पना तेव्हा नवी नव्हती, हे पुष्कळदा विसरले जाते. रॉचडेलमध्येच १८३० च्या दशकात असा एक प्रयत्न झाला होता आणि उधारीने तो बुडाला होता. म्हणून या मंडळींनी नियम केला : व्यवहार रोखीचाच. गरिबांनी गरिबांना उधार नाकारायचे, हे किती कठीण गेले असेल!

माल निर्भेळ, वजन पुरते. भाग कितीही असोत, मत एकच. स्त्रियांनाही सभासदत्व खुले. भांडवलावर ठरावीक व्याज, आणि उरलेला नफा ज्याच्या त्याच्या खरेदीच्या प्रमाणात. माझ्या मते खरी युक्ती या शेवटच्या नियमात आहे. दुप्पट खरेदी करणाऱ्यास दुप्पट वाटा मिळे; साहजिकच सभासद शेजारच्या दुकानात फिरकत नसे. १८६३ मध्ये उत्तर इंग्लंडातील अशा संस्थांनी मिळून स्वतःची घाऊक खरेदी संस्थाही उभारली.

हिंदुस्थानात १९०४ चा सहकार कायदा केवळ पतसंस्थांपुरता होता. तरी त्याच वर्षी मद्रासच्या ट्रिप्लिकेन भागात ग्राहकांचे सहकारी भांडार निघाले; अशा संस्थांना कायद्याची वाट १९१२ मध्ये मोकळी झाली. मुंबईत नायगावच्या गिरणी कामगारांच्या वस्तीत १९४८ साली सुरू झालेला ‘अपना बाजार’ याच कुळातला.

रॉचडेलच्या कथेचे एक पान मात्र सहसा उलटले जात नाही. दुकानाच्या यशानंतर याच मंडळींच्या पुढाकाराने १८५४ मध्ये सहकारी सूतगिरणी निघाली. नफ्यात कामगारांचाही वाटा होता. गिरणी वाढली तसे बाहेरचे भागधारक आले. १८६२ मध्ये त्यांनी बहुमताने कामगारांचा वाटा रद्द केला. दुकान मात्र ग्राहकांच्याच हाती राहिले.