कन्सोलच्या कुळातले अठ्ठेचाळीस पत्ते

व्हिडिओ गेमच्या कन्सोलची वंशावळ बहुतेक जण अमेरिकेपासून सुरू करतात. १९७२ चा मॅग्नाव्हॉक्स ओडिसी, मग अटारी, मग १९८३ चा निन्टेंडोचा फॅमिकॉम आणि शेवटी त्याच्या स्वस्त नकला, ज्या नव्वदच्या दशकात आपल्याकडे ‘टीव्ही गेम’ म्हणून घरोघरी आल्या. माझा पहिला कन्सोल या नकलांपैकीच. वडिलांनी मनीष मार्केटमधून घासाघीस करून आणलेला. कॅसेट लागली नाही की ती उपसायची, पट्ट्यांवर फुंकर मारायची आणि पुन्हा दाबून बसवायची. रिमोटच्या बटणांवरची अक्षरं पुसली गेली, तरी तो टाकायला माझा हात धजावला नाही. त्या जिव्हाळ्यापोटीच त्याचं कूळ शोधत मागे गेलो आणि थेट पत्त्यांच्या कारखान्यात पोचलो.

निन्टेंडो १८८९ साली क्योतोत फुसाजिरो यामाउची यांनी सुरू केली, ती हानाफुदा नावाचे पत्ते बनवायला. हे अनेकांना माहीत असतं. मी अडलो तो त्या पत्त्यांच्या संख्येवर.

हानाफुदाचा जोड हातात घेतला की पहिल्यांदा त्याचा आकार जाणवतो. आपल्या पत्त्याच्या निम्म्याहून लहान, पण जाड पान. जमिनीवर आपटलं की खट्ट वाजतं. पाठीचा काळा किंवा तांबडा कागद कडेवरून पुढे दुमडलेला असतो, त्यामुळे प्रत्येक चित्राला आपोआप चौकट मिळते. पानावर अंक नाही, राजा नाही, राणी नाही. जानेवारीला पाइन, फेब्रुवारीला प्लमचा मोहोर, मार्चला चेरी, अशी बारा महिन्यांची झाडं-फुलं. प्रत्येक महिन्याची चार पानं. बारा चोक अठ्ठेचाळीस.

आता सोळाव्या शतकातला पोर्तुगीज जोड घ्या. प्याले, नाणी, तलवारी आणि सोटे असे चार रंग. प्रत्येकात एक ते नऊ आणि वर तीन चित्रं. मेंढीकोटात ज्या दश्श्यांसाठी आपण जिवाचं रान करतो, त्या या जोडात नाहीतच. चार गुणिले बारा, पुन्हा अठ्ठेचाळीस. या जोडाची जपानी नक्कल म्हणजे तेन्शो कारुता. तेन्शो हा १५७३ ते १५९२ चा कालखंड. तिच्या रंगांची नावं होती हाऊ, इसू, कोप्पू, ओरू. पोर्तुगीज पाउ, एश्पादा, कोपा, ओरू त्यात अजून ऐकू येतात.

जुगाराला ऊत आला तेव्हा राज्यकर्त्यांनी पुन्हा पुन्हा बंदी घातली. प्रत्येक बंदीनंतर पत्ते वेष बदलून परतले. माझ्या मते हानाफुदा हा त्यातला सर्वांत देखणा वेष. अंक गेले आणि फुलं आली, पण सांगाडा तोच राहिला. चार रंगांची बारा-बारा पानं होती, ती बारा महिन्यांची चार-चार झाली.

याला विरोध करणारा पक्षही दणकट आहे. त्यांच्या मते हानाफुदाचं मूळ अस्सल जपानी, दरबारी स्त्रियांच्या शिंपले जुळवण्याच्या कैआवासे या खेळात आहे. चित्रांपुरतं मी हे मान्य करतो. ऋतू आणि फुलांची ती जाण पोर्तुगीज खलाशांची नव्हेच. पण शिंपल्यांच्या खेळात जोडी दोनाची असते. मग महिन्याला चार पानं कुठून आली? शिवाय काबुफुदा नावाचा जुगाराचा जोड, जो निन्टेंडोनंही छापला, त्याच्या पानांवर सोट्यांचा रंग विटून, वाकून, ओळखू न येईल असा का होईना, पण आजही आहे. एक भावंड पोर्तुगीज वंशाचं असेल, तर दुसऱ्यानं कूळ नाकारण्यात अर्थ नाही.

मग हे पत्ते जपानला नेले कुणी? एका लोकप्रिय कथेत हे श्रेय फ्रान्सिस झेवियर यांच्याबरोबरच्या खलाशांना दिलं जातं. झेवियर एप्रिल १५४९ मध्ये गोव्याहून निघाले आणि १५ ऑगस्टला कागोशिमाला उतरले, हे खरं. पण मलाक्काहून पुढचा प्रवास त्यांनी चिनी जंकमधून केला. त्या जहाजावर पोर्तुगीज खलाशांचा अड्डा असणार कसा? मला ही कथा पटत नाही. माझा भर आहे तो नंतरच्या व्यापारी जहाजांवर. ती पावसाळी वारे धरून गोव्याहून निघत, मलाक्कामार्गे मकावला जात, तिथे महिनोन् महिने चिनी रेशमाची वाट पाहत थांबत आणि मग नागासाकी गाठत. इतका रिकामा वेळ, खिशात पगार आणि गोव्यातली जुगाराची सवय. पिरार द लावाल हा फ्रेंच प्रवासी १६०८ ते १६१० गोव्यात होता, त्यानं तिथल्या जुगारघरांबद्दल लिहून ठेवलं आहे. मांडवीच्या धक्क्यावर चढलेला जोड नागासाकीत उतरला, यावर मी पैज लावायला तयार आहे.

इथे सावंतवाडीचा गंजिफा आठवणं साहजिकच. त्यातही प्रत्येक रंगाची बाराच पानं असतात आणि दशावतारी जोड एकशेवीसचा होतो. पण म्हणून गंजिफाला हानाफुदाचा बाप ठरवता येणार नाही. गंजिफात दहा अंकांवर राजा आणि वजीर, तर पोर्तुगीज जोडात नऊ अंकांवर तीन चित्रं. बाराची बेरीज वेगळ्या वाटेनं आली आहे. फार तर दोघांना दूरचे चुलत मानावं.

फॅमिकॉमपर्यंतचा पुढचा रस्ता सरळ आहे. हानाफुदाची यंत्रं सांभाळायला १९६५ साली नेमलेल्या गुन्पेई योकोई यांच्या हातून पुढे १९८२ साली अधिक चिन्हाचं ते बटण घडलं, जे माझ्या अंगठ्याला पाठ आहे. कॅसेटची कल्पना अमेरिकन, हे निर्विवाद. फेअरचाइल्डनं ती १९७६ लाच आणली होती. पण निन्टेंडोनं ती जशी राबवली, त्यामागे मला पत्तेवाल्याची जुनी समज दिसते. पाट एकदाच विकला जातो, जोड मात्र पुन्हा पुन्हा. यंत्र टीव्हीखाली वर्षानुवर्षं पडून राहतं आणि नवा डाव नव्या कॅसेटीबरोबर येतो. आपला जीव त्या खोक्यावर जडतो, कारण सगळे डाव त्याच्याच पाटावर मांडलेले असतात.

हे कूळ तपासून पाहायला जपानी जोड मागवण्याचीही गरज नाही. घरातल्या बावन्न पानांमधून चार दश्श्या काढा, उरलेल्या बारा चौकड्यांना महिन्यांची नावं द्या आणि पानाशी पान जुळवत हानाफुदाचा डाव मांडा. महिन्यांची जुळवणी बिनचूक लागते, फक्त गुण ज्यांवर मोजतात ती चित्रं तेवढी नसतात.