शिळफाट्यावर थांबताना

जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने पनवेल, चौक, खालापूर ही गावे मागे टाकली की खोपोलीच्या वेशीवर शिळफाटा लागतो. समोर बोरघाट उभा असतो. एके काळी या परिसरात प्रत्येक गाडी थोडी विसावत असे. घाट चढण्यापूर्वी इंजिनात पाणी भरायचे, चालकाने चहा घ्यायचा, प्रवाशांनी पाय मोकळे करायचे आणि मगच पुढची चढण. द्रुतगती महामार्ग झाल्यापासून घाईची वाहने बाजूने निघून जातात. आम्ही मात्र जमेल तेव्हा जुनाच रस्ता धरतो आणि फाट्यावर थांबतो.

नोव्हेंबर महिन्यात आपण आपल्या मृतांचे स्मरण करतो. कबरी झाडूनपुसून त्यांवर फुले ठेवतो, मेणबत्त्या लावतो, मिस्सेसाठी नावे देतो. ती नावे आपल्या रक्ताच्या माणसांची असतात. परंतु काही माणसे नात्याची नसूनही आपल्या घरात वावरलेली असतात. दूरदर्शनच्या पडद्यावाटे ती संध्याकाळी आपल्या बैठकीच्या खोलीत येत आणि तेवढा वेळ घरचीच होऊन जात. ती गेल्यावर वर्तमानपत्रात छायाचित्र येते, दोन दिवस हळहळ होते आणि मग आपण त्यांना विसरतो. शिळफाट्याच्या आसपासच्या या पट्ट्यात चित्रपट आणि दूरदर्शन यांच्याशी संबंधित अशा कितीतरी स्मृती विखुरलेल्या आहेत. त्यांतील काही आज वेचाव्यात, असे आमच्या मनात आहे.

प्रारंभ कर्जतच्या लोहमार्गावरून करू. कर्जत तालुक्याच्या उंबरठ्यावर, बदलापूर आणि नेरळ यांच्या दरम्यान वांगणी हे गाव आहे. दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट तयार करीत असताना त्यांनी बाह्यचित्रणासाठी हे गाव निवडले. दादासाहेबांच्या आधी त्यांची मंडळी गावात पोहोचली. भरजरी पोशाख, लाकडी तलवारी, भाले असा सगळा सरंजाम पाहून गावकऱ्यांना वाटले, दरोडेखोरच आले! पोलिसांनी मंडळींना अडकवून ठेवले. 'आम्ही चित्रपट करीत आहोत' हे सांगून कोणाला पटणार? चित्रपट म्हणजे काय, हेच त्या काळी कोणाला ठाऊक नव्हते. अखेर दादासाहेबांनी येऊन आपला कॅमेरा दाखविला, तेव्हा मंडळींची सुटका झाली. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमागृहात तो चित्रपट लोकांसमोर आला आणि भारतीय चित्रपटाचा इतिहास सुरू झाला.

हा प्रसंग आपण हसत हसत सांगतो. परंतु त्यामागचे कष्ट सहसा सांगत नाही. विलायतेस जाऊन ही विद्या शिकण्यासाठी दादासाहेबांनी आपल्या विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवल्या होत्या. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई चित्रपटात कोठेच दिसत नाहीत. पण सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांनी केला, फिल्मला भोके पाडण्याचे किचकट काम त्यांनी केले आणि ती धुण्याच्या कामालाही हात लावला. तारामतीची भूमिका करावयास कोणी स्त्री पुढे येईना, तेव्हा एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके लुगडे नेसून कॅमेऱ्यापुढे उभे राहिले. पुढे तेच साळुंके कॅमेऱ्याच्या मागेही काम करू लागले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे दादासाहेब निवर्तले, ते हालाखीतच. ज्या धंद्याचा पाया त्यांनी घातला, त्या धंद्याने अखेरीस त्यांची फारशी विचारपूस केली नाही.

काळ पुढे सरकला. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. ज्यांच्या घरी संच होता, त्यांच्या घरी अवघी आळी जमू लागली. मराठी बातम्या देणाऱ्या ज्या चेहऱ्यांशी तेव्हा आपली ओळख झाली, त्यांत भक्ती बर्वे यांचा चेहरा होता. स्वच्छ उच्चार, डोळ्यांत चमक आणि बोलण्यात आपलेपणा! १० सप्टेंबर १९४८ रोजी जन्मलेल्या भक्तीताई सुधा करमरकरांच्या बालनाट्यांतून घडल्या. आकाशवाणीवर त्यांनी निवेदन केले. पु. ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी' या नाटकात फुले विकणारी मंजुळा त्यांनी अशी उभी केली की मराठी माणसाच्या मनात ती भूमिका आणि भक्ती बर्वे हे समीकरण कायमचे झाले. कुंदन शहा यांच्या 'जाने भी दो यारों' (१९८३) या हिंदी चित्रपटातील त्यांची धूर्त संपादिकाही प्रेक्षक विसरलेले नाहीत. १९९० साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार लाभला. त्यांचे पती शफी इनामदार हेही 'ये जो है जिंदगी' या मालिकेमुळे घरोघरी पोहोचलेले गुणी नट. १३ मार्च १९९६ रोजी ते अकाली गेले. त्यानंतरही भक्तीताई रंगमंचावर उभ्याच राहिल्या.

नाटकाच्या माणसाचे अर्धे आयुष्य रस्त्यावर जाते. आज पुणे, उद्या सातारा, परवा पुन्हा मुंबई. प्रयोग संपतो रात्री. रंग पुसायचा, दोन घास खायचे आणि गाडीत बसायचे. झोप मिळाली तर प्रवासातच. टाळ्या वाजवून आपण घरी जाऊन निजतो, तेव्हा कलावंत घाट उतरत असतो.

१२ फेब्रुवारी २००१ रोजी भक्ती बर्वे वाईहून मुंबईकडे परतत होत्या. द्रुतगती महामार्ग तेव्हा नवा होता. त्याचा काही भाग २००० साली खुला झाला होता आणि संपूर्ण मार्ग २००२ साली पूर्ण व्हावयाचा होता. घाट उतरून, खालापूर मागे टाकून गाडी भाताण बोगद्याजवळ आली आणि तेथे अपघात झाला. भक्तीताई गेल्या. त्यांचे वय होते अवघे ५२ वर्षे. मुंबई हाकेच्या अंतरावर राहिली होती.

त्यानंतर ११ वर्षांनी याच महामार्गाने पुन्हा दोन कलावंत हिरावून घेतले. २३ डिसेंबर २०१२ रोजी आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे पुण्याहून चित्रीकरण आटोपून मुंबईकडे निघाले होते. घाटाच्या वरच्या अंगाला, मावळातील उर्से टोलनाक्याजवळ, विरुद्ध दिशेने येणारा टेम्पो दुभाजक ओलांडून त्यांच्या गाडीवर आदळला. दोघेही गेले, त्यांच्यासमवेत पेंडसे यांचा चिमुकला मुलगाही गेला. नाताळ दोन दिवसांवर आला होता. 'मला सासू हवी' या मालिकेतून अभ्यंकर त्या दिवसांत रोज रात्री घरोघरी दिसत होते. जेवणाच्या वेळी समोर दिसणारा माणूस एकाएकी नाहीसा व्हावा, याचा धक्का अनेक कुटुंबांना घरातल्या माणसाच्या मृत्यूसारखाच बसला.

या अपघातांना 'नियती' म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. आम्हांस ते पटत नाही. रात्रीचा प्रवास, अपुरी झोप, उद्याच्या चित्रीकरणाची वेळ गाठण्याची धडपड आणि पलीकडची गाडी अलीकडे येऊ न देणारा भक्कम अडसर नसलेला रस्ता: यांतील प्रत्येक गोष्ट माणसाच्या हातातील आहे. कलावंताच्या मृत्यूची बातमी होते. त्याच रस्त्यावर प्राण गमावणाऱ्या ट्रकचालकाची आणि क्लीनरची एखादी ओळही होत नाही.

शेवटची आठवण अगदी अलीकडची. शिळफाट्याहून मुंबईच्या दिशेने परत निघाले की जुन्या रस्त्यावर चौक गाव लागते. त्या परिसरात २००५ साली कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी आपला एन. डी. स्टुडिओ उभारला. दापोलीकडचा हा माणूस मुंबईत कलेचे शिक्षण घेऊन दूरदर्शनच्या 'तमस' आणि 'चाणक्य' या मालिकांच्या कामात हात घडवून घेत वर आला. '१९४२: अ लव्ह स्टोरी' (१९९४) या चित्रपटाने त्यांचे नाव सर्वांपुढे आणले. 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर', 'हम दिल दे चुके सनम', 'लगान' आणि 'देवदास' या चार चित्रपटांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. 'जोधा अकबर' (२००८) साठी आग्र्याचा मोगली थाट त्यांनी या रायगडच्या मातीत उभा केला. 'राजा शिवछत्रपती' ही मालिका आणि 'बालगंधर्व' (२०११) हा चित्रपट यांची निर्मितीही त्यांचीच.

कलादिग्दर्शकाचे काम मोठे विचित्र! तो महाल बांधतो, पण त्यात कोणी राहत नाही. चित्रीकरण संपले की प्लास्टरचे खांब उतरवायचे. पडद्यावर राजा दिसतो, राणी दिसते. सिंहासन घडविणारा सुतार, भिंतीवर संगमरवराची नक्षी भासविणारा रंगारी आणि या सर्वांना एका चित्रात बसविणारा माणूस दिसत नाही. देसाई यांनी आपल्या मालकीची टिकाऊ नगरी उभी करण्याचे स्वप्न पाहिले आणि त्यासाठी मोठे कर्ज काढले. मे २०२१ मध्ये आगीने स्टुडिओतील देखाव्यांची हानी केली. त्याआधीच महामारीने चित्रीकरणे थंडावली होती. कर्जाचे ओझे वाढत गेले, प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढे पोहोचले. २ ऑगस्ट २०२३ रोजी, ५८व्या वाढदिवसाला आठवडा उरला असताना, देसाई यांनी त्याच स्टुडिओत आपले जीवन संपविले. अंत्यसंस्कारही तेथेच झाले. पुढे कायदेशीर प्रक्रियेतून हा स्टुडिओ राज्य शासनाच्या चित्रपट महामंडळाकडे आला.

अशा मृत्यूचा निवाडा करणे आपले काम नव्हे. तो अधिकार परमेश्वराचा. आपल्या वाट्याला प्रार्थना येते. मात्र एक गोष्ट आपण शिकू शकतो. ज्याच्या भोवती शेकडो माणसे राबत होती, तो माणूस आतून एकटा पडला होता. आपल्या धर्मग्रामातही कर्जाने वाकलेली, लाजेने गप्प बसलेली कुटुंबे असतील. ती बोलती व्हावीत, एवढा आधार आपण जिवंतपणी देऊ शकलो, तर मृत्यूनंतरच्या शोकसभेपेक्षा ते अधिक मोलाचे होईल.

शिळफाट्यावरून घाट चढू लागले की जुन्या रस्त्यावर शिंगरोबाचे मंदिर लागते. लोककथा अशी की, घाटातून वाट काढताना इंग्रज साहेबांची मती गुंग झाली, तेव्हा शिंगरोबा नावाच्या धनगराने त्यांना वाट दाखविली. 'काय बक्षीस हवे?' असे विचारताच त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले आणि त्याला ठार करण्यात आले. आजही चालक गाडी हळू करून तेथे नाणे टाकतात. घाटाचा रस्ता खुला झाला तेव्हा गौरव झाला तो मुंबईच्या गव्हर्नरसाहेबांचा. वाट दाखविणारा धनगर लोकांनी आपल्या स्मरणात ठेवला.

सरस्वतीबाई फाळके, अण्णा साळुंके, रात्रीचा घाट उतरणारे नट-नट्या, महाल बांधून पडद्याआड राहिलेले नितीन देसाई आणि त्यांचे सुतार-रंगारी हे सारे शिंगरोबाच्याच जातकुळीचे. येत्या नोव्हेंबरात आपल्या माणसांसाठी मेणबत्ती लावताना आणखी एक वात त्यांच्यासाठी लावावी. ज्यांनी आपल्या संध्याकाळी उजळल्या, त्यांचे एवढे देणे आपल्याकडे निश्चितच बाकी आहे.