पॅरिसच्या वेशी बंद होतात

शुक्रवार, २२ ऑगस्ट १५७२, सकाळी ११ च्या सुमारास
लूव्र राजवाड्यातली बैठक उरकून अ‍ॅडमिरल गास्पार द कोलिन्यी पायीच आपल्या मुक्कामी निघाला आहे. हातात कागद, डोळे कागदात. वाटेवरच्या एका खिडकीतून बार होतो. उजव्या हाताचं बोट तुटतं, डाव्या हाताला गोळी लागते. मारेकरी मोरव्हेर मागच्या मागे घोड्यावरून पसार होतो. खोलीत सापडते ती नुसती बंदूक. घर मात्र गीझ घराण्याशी संबंधित माणसाचं, आणि गीझ म्हणजे कट्टर कॅथलिकांचे पुढारी.

कोलिन्यी हा फ्रान्सच्या प्रोटेस्टंटांचा, म्हणजे ह्युगेनॉटांचा सेनानी. १५६२ पासूनच्या आठ वर्षांत धर्मावरून तीन युद्धं झाली. ती आग विझावी म्हणून चारच दिवसांपूर्वी राजाची बहीण मार्गरीत ह्युगेनॉट राजाला, नवारच्या हेन्रीला दिली. नवरदेवाकडचं वऱ्हाड, म्हणजे देशभरातले ह्युगेनॉट सरदार, अजून पॅरिसमध्येच आहे. आणि पॅरिस हाडाचं कॅथलिक.

त्याच दिवशी दुपारी
बावीस वर्षांचा राजा नववा चार्ल्स टेनिस खेळताना बातमी ऐकतो आणि संतापतो. राजवैद्य आंब्र्वाझ पारे जखमा साफ करतो. आईला, कॅथरीन द मेदिचीला, घेऊन राजा स्वतः समाचाराला येतो आणि गुन्हेगाराला सोडणार नाही असा शब्द देतो. घरावर शाही पहारा बसतो. पहाऱ्याचा प्रमुख कोसँ. त्याचं आणि कोलिन्यीचं हाडवैर. पॅरिस सोडा, असं काही सोबती विनवतात. कोलिन्यीचा राजावर विश्वास आहे.

शनिवार, २३ ऑगस्ट
ह्युगेनॉट सरदार न्याय मागतात, आवाज चढवून मागतात. दरबाराला सुडाची धास्ती वाटू लागते. कॅथरीन, राजाचा धाकटा भाऊ आंजूचा ड्यूक आणि मोजके सल्लागार खलबत करतात. शुक्रवारची गोळी कोणी झाडायला लावली यावर इतिहासकार आजही भांडतात. या खलबताच्या निष्कर्षाबद्दल फारसा वाद नाही. ह्युगेनॉट पुढारी संपवायचे. नवारचा हेन्री आणि काँदे हे राजरक्ताचे, त्यांना वगळायचं. एकही उरता कामा नये, असं राजा किंचाळल्याची कथा प्रसिद्ध आहे. नाटकाला छान, पुराव्याला कच्ची. त्या रात्रीची यादी काही डझन नावांचीच होती, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

शनिवार, रात्री उशिरा
मग पुढच्या काही दिवसांत हजारो कसे मेले? माझ्या मते उत्तर या तासांत आहे. नगरप्रमुख ल शारों याला राजवाड्यात बोलावलं जातं. हुकूम येतात: वेशी बंद करा, सीन नदीतल्या होड्या साखळ्यांनी बांधा, नागरी पथकांना हत्यारं द्या. कारण सांगितलं जातं शहराच्या बंदोबस्ताचं. म्हणजे ज्यांना पळायचं त्यांची वाट बंद, आणि ज्या शेजाऱ्यांच्या मनात वर्षानुवर्षांचं विष साठलंय त्यांच्या हाती शस्त्र.

रविवार, २४ ऑगस्ट, संत बार्थोलोम्यूचा सण, पहाटे
गीझचा ड्यूक माणसं घेऊन कोलिन्यीच्या दारात येतो. दार फोडायला पुढे असतो पहारेकरी कोसँच. बेम नावाचा माणूस जखमी अ‍ॅडमिरलला भोसकतो आणि प्रेत खिडकीतून खाली, गीझच्या पुढ्यात फेकतो. सँ जर्मां लोसेरवा चर्चची घंटा घणघणते. लूव्रमध्ये राजाचेच पाहुणे अंगणात ओढून कापले जातात. मार्गरीत पुढे आठवणींत लिहिते: एक जखमी सरदार तिच्या शयनगृहात घुसून तिलाच बिलगला आणि मागोमाग सैनिक आत शिरले.

सकाळ
नदीपलीकडच्या सँ जर्मां उपनगरातले ह्युगेनॉट वेशीबाहेर आहेत. त्यांच्यामागे निघालेला गीझ ब्युसी वेशीशी अडतो, कारण आणलेल्या किल्ल्या भलत्याच! तेवढ्या वेळात ह्युगेनॉट सरदार माँगोमरी आणि त्याचे सोबती घोड्यावर बसून निसटतात. वेशीच्या आत अशी चूक कोणाच्याच नशिबी नाही. टोपीवर पांढरा क्रॉस, दंडाला पांढरी पट्टी बांधलेले लोक घरोघरी शिरतात. हे राजाच्याच हुकमाने चाललंय, अशी हूल उठलेली आहे. बायका, पोरं, सोनार, पुस्तकविक्रेते: यादीत यांतलं कोणीच नव्हतं.

दुपारनंतर
राजा कत्तल थांबवण्याचा हुकूम काढतो. ऐकतो कोण? प्रेतं सीनमध्ये जातात, घरं लुटली जातात.

सोमवार, २५ ऑगस्ट
एका दफनभूमीतलं वठलेलं काटेरी झुडूप फुलल्याची आवई उठते. देवाने कौल दिला, असं म्हणत जमाव पुन्हा बाहेर पडतो.

मंगळवार, २६ ऑगस्ट
तत्त्वज्ञ पेत्रुस रामुस मारला जातो. रविवारच्या पत्रांत राजाने सगळा दोष गीझ-कोलिन्यी वैरावर ढकलला होता. आज पार्लमां न्यायालयात तो सांगतो की हे माझ्याच आज्ञेने झालं. पॅरिसमध्ये दोनेक हजार, कदाचित त्याहून जास्त माणसं मेली आहेत. प्रांतोप्रांतीच्या अधिकाऱ्यांच्या हाती एकमेकांना खोडणारी फर्मानं पडतात, आणि जो तो सोयीचं तेवढं वाचतो. ल्यों, रुआं, बोर्दो, तुलूझ. ऑक्टोबरपर्यंत तिथेही हेच चालू राहतं.