मिथेनॉलवर वाढणारा ई. कोलाय

मिथेनॉल हे एककार्बनी संयुग अन्न म्हणून वापरता यावे यासाठी जनुकीय बदल घडवलेला एशेरिकिया कोलाय जीवाणू. मूळचा ई. कोलाय साखरेवर पोसतो. पण किण्वन उद्योगासाठी साखर म्हणजे शेतातून आणि माणसाच्या ताटातून काढून घेतलेला कच्चा माल. मिथेनॉल नैसर्गिक वायूपासून, शिवाय कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजनपासूनही बनते.

मिथेनॉलवर जगणारे जीवाणू निसर्गात आहेतच. ब्रिटनच्या आयसीआय कंपनीने अशाच एका जीवाणूपासून बिलिंगहॅम येथे ‘प्रुटीन’ हे पशुखाद्य तयार केले आणि 1980 च्या सुमारास त्या जीवाणूत ई. कोलायचे एक जनुक घालून पाहिले. आज जनुके उलट दिशेने जातात, कारण ई. कोलायमध्ये फेरफार करण्याचा संशोधकांचा हात बसलेला आहे.

कागदावर काम सोपे आहे. बाहेरून आणलेले तीन विकर पुरतात : पहिला मिथेनॉलचे फॉर्माल्डिहाइड करतो, दुसरा ते रिब्युलोज-5-फॉस्फेट या पाच कार्बनी साखरेला जोडतो, तिसरा त्यातून फ्रुक्टोज-6-फॉस्फेट घडवतो. अडचण चक्र चालू ठेवण्याची असते. पाच कार्बनी साखर सतत नव्याने तयार व्हावी लागते, आणि ती कमी पडली की फॉर्माल्डिहाइड साचते. महाविद्यालयात बेडूक जतन करायला वापरतात ते फॉर्मॅलिन म्हणजे याच पदार्थाचे पाण्यातील द्रावण. पेशीत ते डीएनए आणि प्रथिने एकमेकांना चिकटवून टाकते.

म्हणून आधी मिथेनॉल जोडअन्न म्हणून देण्यात आले. जेम्स लियाओ यांच्या गटाने 2018 मध्ये ई. कोलायची दोन जनुके अशी काढून टाकली, की झायलोज साखर वापरायची तर मिथेनॉलही घ्यावेच लागे. ही सक्तीच पुढे कामी आली. त्याच वाटेने, प्रयोगशाळेत उत्क्रांती घडवत, 2020 मध्ये तैवानच्या अकॅडेमिया सिनिकातील याच गटाने केवळ मिथेनॉलवर वाढणारा वाण मिळवला. त्याची संख्या दुप्पट व्हायला सुमारे साडेआठ तास लागत. पोषणसंपन्न माध्यमात साधा ई. कोलाय हे 20 मिनिटांत उरकतो.

जर्मनीत पॉट्सडॅमजवळ आरेन बार-एव्हेन यांच्या गटाने वेगळा मार्ग धरला. ग्लायसीन या अमिनो आम्लावाटे जाणाऱ्या या मार्गाने फॉर्मेट या दुसऱ्या एककार्बनी संयुगावर आठ तासांहून कमी वेळात दुप्पट होणारा वाण त्यांनी 2020 मध्ये तयार केला. मिथेनॉलवर मात्र त्याच मार्गाला 55 तास लागले. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातील, पाच कार्बनी साखरेच्या चक्रावरच चालणाऱ्या वाणांनी तैवानच्या वाणाचा वेग बराच सुधारला असून 2024 मध्ये त्यांच्यापासून लॅक्टिक आणि इटाकॉनिक आम्ल मिळवण्यात आले.