कॉर्पोरेशन फॉर पब्लिक ब्रॉडकास्टिंग : पडद्यावरील बोधचिन्ह

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ७ नोव्हेंबर १९६७ रोजी स्वाक्षरी केलेल्या कायद्यान्वये अस्तित्वात आलेल्या या महामंडळास स्वतःचे प्रक्षेपणकेंद्र चालविण्याची कायद्यानेच मनाई असल्यामुळे, सरकारी खजिन्यातील रक्कम स्थानिक केंद्रांस व निर्मात्यांस पोहोचविणे हेच त्याच्या अखत्यारीतील प्रमुख कार्य ठरले. आणि म्हणूनच त्याचे चिन्ह कार्यक्रमाच्या आरंभी वा अंती, अर्थसाहाय्याचा उल्लेख होत असता, काही क्षणच पडद्यावर येत असे. ‘सेसमी स्ट्रीट’ (१९६९) या बालकार्यक्रमाच्या आरंभीच्या आश्रयदात्यांत हे महामंडळ होते.

पी.बी.एस. या कार्यक्रमवितरण संस्थेच्या चिन्हाशी त्याची गल्लत होता कामा नये. हर्ब ल्युबालिन यांच्या चित्रशाळेने १९७१ मध्ये ‘पी’ या अक्षरासच मानवी मुखाकृती दिली, आणि १९८४ मध्ये टॉम गाइस्मार यांच्या कल्पकतेने त्या एका मुखाची मुखमालिका झाली. सार्वजनिक माध्यमाचा प्रेक्षकसमूहच जणू तीत प्रतिबिंबित झाला. महामंडळाची भिस्त मात्र आद्याक्षरांवर व निवेदकाच्या वाणीवर राहिली. अमेरिकन जनतेच्या पैशावर चालणारी ही खासगी संस्था आहे, अशा आशयाचे जे वाक्य पुढे चिन्हासमवेत उच्चारले जाऊ लागले, ते प्रस्तुत लेखकास कोणत्याही आकृतीहून अधिक मोलाचे वाटते. कारण करदात्यास त्याच्या पैशाचा हिशेब त्यात जाहीरपणे मिळत होता.

जुलै २०२५ मध्ये काँग्रेसने दोन वर्षांसाठी मंजूर झालेले सुमारे १.१ अब्ज डॉलर परत घेतले, आणि ऑगस्टमध्ये महामंडळाने आपला कारभार आवरता घेण्याची घोषणा केली.