फाटकाबाहेर राहिलेली मावशी : प्रस्तावना

वार्धक्याचा अभ्यास करू पाहणाऱ्याच्या हाती आपण आधी आकडे ठेवतो. २०११च्या जनगणनेत देशात साठीपुढचे दहा कोटींहून अधिक, महाराष्ट्रात त्यांचे प्रमाण देशाच्या सरासरीहून जास्त, वगैरे. ते ठाऊक असावेतच. पण या माणसांना आंघोळ कोण घालतं, हा प्रश्न उशिरा येतो; पुष्कळदा येतच नाही. करोनाने तो टाळता येणार नाही असा पुढे आणला, म्हणून या विषयात शिरायला तोच काळ मला सोयीचा वाटतो.

२४ मार्च २०२०च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली. मे महिन्यातल्या केंद्राच्या आदेशांनी पासष्टीपुढच्यांना निकडीची कामं आणि औषधपाणी सोडून घरातच राहायला सांगितलं. हेतू रास्त होता. मात्र आदेश लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे भरल्या घरातले आजी-आजोबा असावेत. पुण्या-मुंबईत मुलं परदेशी असलेल्या कितीतरी घरांत शुश्रूषा बाहेरून येते. आजारी-वृद्धांच्या देखभालीसाठी बाया पुरवणाऱ्या ब्युरोने पाठवलेली मावशी सकाळी आठला येते, लघवीची पिशवी रिकामी करते, डायपर बदलते, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलून देते. रात्री आठला दुसरी हजर. सर्वसामान्यांसाठी लोकल आणि बस थांबल्या, सोसायट्यांनी फाटकं लावून घेतली आणि ऐंशीच्या आजोबांना उचलायला पंचाहत्तरीच्या आजी उरल्या. मग ब्युरो चोवीस तास मुक्कामी राहणाऱ्या बाया देऊ लागले. त्या बायांच्या घरच्या म्हाताऱ्यांकडे कोणी पाहिलं, हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे आणि तो कुणीतरी घ्यावाच.

विरंगुळा केंद्रं, ज्येष्ठ नागरिक संघांच्या बैठकी, बागेतले कट्टे बंद झाले, त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. पण घराबाहेर पडूच न शकणाऱ्यांचा विचार किती उशिरा होतो, यासाठी लसीचं उदाहरण अधिक बोलकं आहे. १ मार्च २०२१पासून साठीपुढच्यांना लस खुली झाली. पण मुंबईत अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी ती पोचायला उच्च न्यायालयात जनहित याचिका व्हावी लागली आणि जुलै सरत आला.

शुश्रूषेचं हे थांबणं इंग्लंडशी ताडून पाहण्याजोगं आहे. तिथे २०१४च्या केअर ॲक्टनुसार गरजूंची देखभाल ही स्थानिक कौन्सिलची जबाबदारी. २०२०च्या करोना कायद्याने त्यात काही काळ सवलत घेण्याची मुभा दिली आणि मोजक्याच कौन्सिलांनी ती घेतली. नेमकं काय थांबलं, याचा कागद त्यामुळे तिथे मिळतो. आपल्याकडे ही शुश्रूषा घर आणि ब्युरो यांच्यातला खासगी व्यवहार. ती थांबली तरी सरकारदरबारी कुठे खाडा लागला नाही.

म्हणून नव्या अभ्यासकांना एक विनंती. टाळेबंदीच्या वर्षातल्या सोसायट्यांच्या सूचना, वॉचमनच्या नोंदवह्या, ब्युरोंची हजेरीपत्रकं मिळतील तिथून मागून आणा. दर दिवाळीच्या आवराआवरीत त्यातल्या काही रद्दीत जात आहेत.